पॅरिसमधली नूर

नूर या शब्दाचा अर्थ तुम्हांला सांगायला नको. तो तुमच्या घरात रोज बोलला जाणारा शब्द आहे. या पाठात मात्र नूर हे एका मुलीचे नाव आहे. ती मॉस्कोत जन्मली, पॅरिसजवळ वाढली, इंग्लंडमध्ये हवाई दलात भरती झाली आणि जर्मनीच्या एका छळछावणीत मारली गेली. तेव्हा तिचे वय अवघे तीस वर्षांचे होते. नकाशात ही चारही ठिकाणे आपल्यापासून फार दूर आहेत. पण तिचे घराणे दूरचे नाही. ते बडोद्याचे होते.

बडोद्यात त्या काळी गायकवाड या मराठी घराण्याचे राज्य होते. महाराज सयाजीराव यांच्या दरबारात मौलाबख्श नावाचे मोठे गवई होते. महाराजांच्या आश्रयाने त्यांनी १८८६ मध्ये बडोद्यात गायनशाळा काढली. गुरूच्या घरी राहून वर्षानुवर्षे सेवा केल्याशिवाय गाणे मिळत नसे, अशा काळात शाळेत बसून गाणे शिकता येऊ लागले. या मौलाबख्शांची मुलगी खतीजाबी. तिचा मुलगा इनायत खान हा नूरचा बाप. मौलाबख्शांची पत्नी टिपू सुलतानच्या वंशातली होती, असे या घरात सांगत. ही गोष्ट ध्यानात ठेवा. टिपूने इंग्रजांविरुद्ध मदत मागण्यासाठी फ्रान्सच्या राजाकडे वकील पाठवले होते. ते १७८८ मध्ये पॅरिसला पोहोचले. त्यांचे स्वागत थाटात झाले, पण हवी ती मदत काही मिळाली नाही. ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टणच्या लढाईत टिपू इंग्रजांशी लढता लढता मरण पावला. त्यानंतर सुमारे दीडशे वर्षांनी त्याच वंशातली एक मुलगी इंग्रजांच्या बाजूने, फ्रान्ससाठी लढली. इतिहास असा कधी कधी उलटा फिरतो.

इनायत खान यांचा जन्म १८८२ चा. ते उत्तम वीणा वाजवत आणि गात. पुढे त्यांनी सूफी मार्गाची दीक्षा घेतली. १९१० साली ते आपल्या भावांबरोबर समुद्र ओलांडून अमेरिकेला गेले. तेथे गाण्याच्या मैफली आणि सूफी विचारांवरची व्याख्याने असा त्यांचा प्रवास सुरू झाला. याच प्रवासात ओरा रे बेकर या अमेरिकन तरुणीशी त्यांची ओळख झाली. तिच्या घरच्यांचा विरोध होता. तो न जुमानता १९१३ मध्ये लंडनला त्यांनी लग्न केले. लग्नानंतर तिचे नाव अमीना बेगम झाले. पुढे हे कुटुंब रशियात गेले आणि १९१४ च्या जानेवारीत, मॉस्कोच्या कडाक्याच्या थंडीत, नूरुन्निसाचा जन्म झाला.

त्याच वर्षी पहिले महायुद्ध सुरू झाले. कुटुंब लंडनला आले. तेथे नूरला विलायत आणि हिदायत हे दोन भाऊ आणि खैरुन्निसा ही बहीण मिळाली. १९२० साली सारे फ्रान्सला गेले. पॅरिसच्या शेजारी सुरेन नावाचे गाव आहे. तेथे त्यांना एक मोठे घर मिळाले. इनायत खान यांनी त्याचे नाव ठेवले फजल मंजिल. त्या घरात सतत पाहुणे असत. वीणेचे सूर असत. मुलांना दोन गोष्टी बजावून सांगितलेल्या असत. एक, खोटे बोलायचे नाही. दुसरी, कोणत्याही जिवाला दुखवायचे नाही. या दोन्ही गोष्टी पुढे नूरला किती जड जाणार होत्या, हे तेव्हा कोणाला ठाऊक होते?

१९२६ मध्ये इनायत खान भारतात आले आणि ५ फेब्रुवारी १९२७ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. तेथे निजामुद्दीन भागात त्यांचा दर्गा आहे. नूर तेव्हा तेरा वर्षांची होती. आईने इतके दुःख केले की ती खोलीबाहेर येईनाशी झाली. मग तेरा वर्षांची नूर घर सांभाळू लागली. धाकट्या भावंडांचे खाणेपिणे, त्यांची शाळा, आईचे औषधपाणी हे सारे तिच्याकडे आले. तुमच्यापैकी काहींना असे घर सांभाळण्याचा अनुभव असेल. त्यांना नूर लवकर कळेल.

नूर बुजरी होती. आवाज बारीक, चेहरा नाजूक, स्वभाव स्वप्नाळू. तिने पॅरिसच्या सॉर्बोन विद्यापीठात बालमानसशास्त्राचा अभ्यास केला. पियानो आणि हार्प ही वाद्ये ती शिकली. ती लहान मुलांसाठी गोष्टी लिहू लागली. त्या फ्रेंच वर्तमानपत्रात छापून येत आणि रेडिओवरही वाचल्या जात. बुद्धाच्या जातककथांमधल्या वीस कथा तिने इंग्रजीत सांगितल्या आणि १९३९ साली त्यांचे पुस्तक लंडनमध्ये निघाले. त्यात वानरांच्या राजाची एक कथा आहे. आपल्या कळपाला शिकाऱ्यांपासून वाचवायला तो राजा स्वतःच्या शरीराचा पूल करतो. सारी वानरे त्याच्या पाठीवरून पलीकडे जातात आणि त्याचा प्राण जातो. नूरने ही कथा लहान मुलांसाठी लिहिली होती.

पुस्तक निघाले त्याच वर्षी दुसरे महायुद्ध पेटले. १९४० च्या मे महिन्यात जर्मन रणगाडे फ्रान्समध्ये घुसले. सहा आठवड्यांत तो बलाढ्य देश कोसळला. लाखो माणसे मिळेल त्या वाहनाने, नाहीतर पायी, दक्षिणेकडे पळत होती. त्या गर्दीत नूर, तिची आई आणि भावंडेही होती. निघण्यापूर्वी नूर आणि विलायत यांच्यात बोलणे झाले होते. दोघांपुढे एकच पेच होता. वडिलांनी अहिंसा शिकवली. मग हिटलरच्या विरुद्ध करायचे काय? नुसते पाहत बसणे म्हणजे दुसऱ्यांना मरू देणे. शेवटी त्यांनी ठरवले की युद्धात उतरायचे, धोक्याचे काम मागून घ्यायचे, पण शक्य तोवर कोणाला ठार करायचे नाही. बोर्दो बंदराच्या बाजूने जहाज पकडून ते २२ जून १९४० रोजी इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरले. नेमक्या त्याच दिवशी फ्रान्सने जर्मनीपुढे हार मानून तहावर सही केली.

आता फ्रान्समध्ये काय झाले ते थोडक्यात समजून घ्या. देशाचे दोन भाग झाले. उत्तरेकडचा भाग आणि पॅरिस शहर जर्मनांच्या हातात गेले. दक्षिणेत विशी या गावी म्हाताऱ्या मार्शल पेताँचे सरकार बसले. ते जर्मनांच्या तालावर चालणारे होते. जनरल द गॉल यांनी मात्र हार मानली नाही. १८ जून १९४० रोजी त्यांनी लंडनहून रेडिओवर फ्रेंच लोकांना लढा चालू ठेवण्याची हाक दिली. देशात राहिलेल्या लोकांनी हळूहळू गुप्त गट उभारले. कोणी पत्रके छापली, कोणी रेल्वेचे रूळ उखडले, कोणी विमानातून उतरलेल्या वैमानिकांना आपल्या घरात लपवले. त्यांत शाळामास्तर होते, शेतकरी होते, बाया होत्या, तुमच्या वयाची मुलेही होती. आपल्याकडे १९४२ साली सातारा जिल्ह्यात भूमिगतांनी जे केले, त्याच्याशी हे काम पुष्कळसे मिळतेजुळते होते. या गटांना शस्त्रे, पैसा आणि माणसे पुरवण्यासाठी इंग्रजांनी १९४० मध्ये एक गुप्त संघटना काढली. एस.ओ.ई. हे तिचे नाव.

नूर १९४० च्या नोव्हेंबरात हवाई दलाच्या महिला विभागात भरती झाली. तेथे ती बिनतारी संदेश पाठवायला शिकली. पुढे अधिकारी होण्यासाठी तिची मुलाखत झाली, तेव्हा भारताच्या स्वातंत्र्याबद्दल तिला विचारण्यात आले. तिने सरळ सांगून टाकले की युद्ध चालू आहे तोवर ती इंग्लंडबरोबर आहे, पण युद्धानंतर भारताच्या स्वातंत्र्यासाठी ती इंग्रजांच्या विरोधातही उभी राहील. समोर बसलेले अधिकारी इंग्रज होते. त्यांच्या तोंडावर असे बोलायला धैर्य लागते. पण खरे सांगायचे तर नूरला दुसरे काही बोलताच आले नसते, कारण तिला खोटे बोलण्याची सवयच नव्हती.

एस.ओ.ई.ला फ्रेंच अगदी फ्रेंच माणसासारखी बोलणारी आणि बिनतारी यंत्र चालवणारी माणसे हवी होती. अशी माणसे थोडी. नूरला बोलावणे आले. पकडली गेलीस तर अंगावर गणवेश नसेल, त्यामुळे युद्धकैद्याचे हक्क मिळणार नाहीत आणि बहुधा मरणच येईल, हे तिला स्पष्ट सांगण्यात आले. तिने होकार दिला.

प्रशिक्षणात मात्र तिचे शिक्षक कपाळाला हात लावून बसले. ती बंदुकीला घाबरे. जोरात पळे, पण धांदरटपणा करी. सांगतात की एकदा ती सायकलवरून चालली असता पोलिसाने तिला अडवले आणि काय करतेस म्हणून विचारले. तिने गुप्तहेराचे शिक्षण घेत असल्याचे त्याला चक्क सांगून टाकले! ही मुलगी शत्रूच्या देशात पाठवण्यास योग्य नाही, असा अहवाल काहींनी दिला. वरच्या अधिकाऱ्याने तो बाजूला सारला. यंत्रचालकांची टंचाई होती आणि नूरचा हात त्या कामात चांगला बसला होता. तिचे शिक्षण पुरे होण्याआधीच तिला पाठवायचे ठरले.

१६ जून १९४३ ची रात्र. चांदणे होते. लायसँडर नावाचे एक छोटे विमान फ्रान्समधल्या आंझे शहराजवळ एका शेतात उतरले. नूर खाली उतरली. तिच्या ओळखपत्रावर नाव होते जान मारी रेनिये आणि व्यवसाय लहान मुले सांभाळण्याचा. गुप्त नाव होते मॅडलिन. इंग्लंडमधून फ्रान्समध्ये पाठवलेली ती पहिली महिला यंत्रचालक होती.

पॅरिसमध्ये पोहोचून तिला जेमतेम आठवडा झाला आणि आभाळ कोसळले. ज्या मोठ्या गटाशी तिचे काम जोडलेले होते, त्याच्या प्रमुखाला गेस्टापोने, म्हणजे जर्मनांच्या गुप्त पोलिसांनी, पकडले. पाठोपाठ एकेक करून गटातील पुष्कळ माणसे आणि यंत्रे त्यांच्या हाती लागली. लंडनने नूरला परत येण्यास सांगितले. तिने नकार दिला. ती गेली असती तर पॅरिसमधून लंडनशी बोलणारे कोणी उरले नसते. दुसरा यंत्रचालक येईपर्यंत मी थांबते, असे तिने कळवले.

यंत्रचालकाचे काम किती अवघड होते, ते नीट पाहा. ते यंत्र एका चामडी पेटीत बसवलेले असे. पेटीचे वजन सुमारे १५ किलो. तेवढे ओझे हातात घेऊन स्वारगेटपासून बिबवेवाडीचा चढ चढून अप्पर इंदिरानगरपर्यंत चालत जाऊन पाहा, म्हणजे कल्पना येईल. त्यात हे ओझे जड नाही असे दाखवत चालायचे! पेटी उघडली की सुमारे वीस मीटर लांब तार बाहेर पसरावी लागे, तेव्हा कोठे लंडनपर्यंत संदेश जाई. संदेश सांकेतिक लिपीत लिहायचा, मोर्सच्या टिंब आणि रेघांमध्ये बटण दाबून पाठवायचा.

आणि जर्मन हे आवाज ऐकत असत. त्यांच्या गाड्या गल्लोगल्ली फिरत. त्या नेमके ठिकाण कसे शोधत? समजा, बिबवेवाडीत कोठेतरी कर्णा वाजत आहे. तुम्ही तिघे मित्र तीन वेगवेगळ्या चौकांत उभे राहून आवाज ज्या दिशेने येतो तिकडे बोट दाखवता. नकाशावर त्या तीन रेघा ओढल्या तर त्या जेथे मिळतात, तेथेच कर्णा असतो. जर्मन हेच करत, कानांऐवजी यंत्रांनी. म्हणून एका जागेवरून फार वेळ बोलणे म्हणजे मरणाला बोलावणे होते. यंत्रचालक साधारण सहा आठवडे टिकतो, असा त्या वेळचा हिशेब होता.

नूर जवळजवळ चार महिने टिकली.

ती रोज जागा बदले. आज या मैत्रिणीच्या घरी, उद्या दुसरीकडे. केस कधी सोनेरी, कधी लाल रंगवी. सुरेनमधल्या जुन्या ओळखीच्या लोकांकडेही तिने दारे ठोठावली. आपल्याच गावात चोरासारखे वावरताना तिला काय वाटले असेल? फजल मंजिलमध्ये आता जर्मन राहत होते. एकदा भुयारी रेल्वेत दोन जर्मन शिपायांनी तिला पेटीत काय आहे म्हणून हटकले. सिनेमा दाखवण्याचे यंत्र आहे, असे तिने सांगितले आणि पेटी किंचित उघडून आतले दिवेही दाखवले. शिपायांनी असले यंत्र कधी पाहिले नसावे. ते निघून गेले. सायकलवर पोलिसाला खरे सांगणारी हीच ती मुलगी!

या दिवसांत तिच्या संदेशांमुळे शस्त्रे आणि पैसा कोठे टाकायचा ते लंडनला कळत होते. पाडलेल्या विमानांतून वाचलेल्या वैमानिकांना बाहेर काढण्याच्या कामातही तिचा हात होता. जर्मनांना तिचे गुप्त नाव कळले होते, वर्णन कळले होते. फक्त ती सापडत नव्हती.

अखेर ऑक्टोबरात लंडनने तिच्या जागी माणूस पाठवण्याचे ठरवले आणि तिनेही परतण्याचे कबूल केले. निघायला थोडेच दिवस होते. तेवढ्यात कोणीतरी पैशांसाठी तिचा पत्ता गेस्टापोला विकला. युद्धानंतर या प्रकरणी एका ओळखीच्या बाईवर खटला झाला, पण न्यायालयाने तिला दोषी ठरवले नाही. १३ ऑक्टोबर १९४३ च्या सुमारास नूर आपल्या खोलीत शिरली, तेव्हा आत एक माणूस दबा धरून बसला होता. त्याने तिला धरताच ती त्याच्या मनगटाला इतकी कडाडून चावली की त्याला मागे सरकून पिस्तूल रोखावे लागले आणि मदत मागवावी लागली.

येथे नूरची एक चूकही सांगितली पाहिजे. पाठवलेले संदेश तिने वह्यांत लिहून ठेवले होते. सूचनेतील एका शब्दाचा तिने वेगळा अर्थ घेतला असावा, असे म्हणतात. त्या वह्या जर्मनांना मिळाल्या. त्यांवरून तिची पद्धत शिकून ते तिच्या नावाने लंडनला संदेश पाठवू लागले. लंडनमधल्या अधिकाऱ्यांना शंका यावी अशा खुणा त्या संदेशांत होत्या. त्यांनी तिकडे दुर्लक्ष केले आणि आणखी माणसे पाठवली. ती उतरली ती थेट जर्मनांच्या हातात. त्यांतली बहुतेक परत आली नाहीत. अर्धवट शिक्षण देऊन नूरला घाईने पाठवणारे आणि नंतर डोळे झाकून संदेशांवर विश्वास ठेवणारे, यांचा दोष मला नूरच्या चुकीपेक्षा मोठा वाटतो. तुम्ही तुमचे मत बनवा.

पॅरिसमध्ये फॉश रस्त्यावर ८४ क्रमांकाच्या घरात गेस्टापोचे ठाणे होते. नूरला तेथे पाचव्या मजल्यावर कोंडले. पहिल्याच दिवशी तिने अंघोळीचे निमित्त केले, न्हाणीघराच्या खिडकीतून बाहेर पडली आणि छपरावर गेली. तिला परत आणले. महिनाभर चौकशी चालली. तिने आपल्या एकाही सोबत्याचे नाव सांगितले नाही. युद्धानंतर त्या ठाण्याच्या जर्मन प्रमुखानेच हे कबूल केले.

शेजारच्या कोठड्यांत दोन कैदी होते, एक इंग्रज जॉन स्टार आणि दुसरा फ्रेंच अधिकारी लेआँ फाय. भिंतीवर ठोकून, चिठ्ठ्या लपवून तिघांनी बेत केला. एक स्क्रू फिरवण्याचे हत्यार मिळवून रोज रात्री थोडे थोडे करून त्यांनी वरच्या झरोक्यांचे गज सैल केले. २५ नोव्हेंबरच्या रात्री तिघे छपरावर आले. घोंगड्यांच्या पट्ट्या बांधून ते शेजारच्या घरापर्यंत पोहोचलेही. आणि नेमका त्याच वेळी विमानहल्ल्याचा भोंगा वाजला! भोंगा वाजला की पहारेकरी कोठड्या तपासत असत. विमाने इंग्रजांचीच होती. थोड्याच वेळात तिघे पकडले गेले.

पुन्हा पळणार नाही असे लिहून द्या, असे त्यांना सांगण्यात आले. स्टारने सही केली. नूर आणि फाय यांनी केली नाही. पळणे हे आपले काम आहे आणि जे करणार नाही असे लिहून द्यायचे तेच आपण करणार आहोत, मग सही कशी करायची, असा नूरचा विचार असावा. जर्मनांनी तिला लगेच जर्मनीत, फोर्त्सहाइमच्या तुरुंगात पाठवले. तिला सर्वांत धोकादायक कैद्यांच्या वर्गात टाकले. हातापायांत बेड्या होत्या आणि त्या साखळीने एकमेकींना जोडलेल्या होत्या. ती एकटीच कोठडीत होती. कोणाशी बोलायला बंदी होती. असे दहा महिने गेले.

त्याच तुरुंगात काही फ्रेंच स्त्रिया होत्या. कैद्यांची जेवणाची भांडी एकत्र धुतली जात. एकीने आपल्या भांड्याच्या बुडाशी ओरखडून काहीतरी लिहिले आणि दुसरीकडून उत्तर आले. अशा रीतीने त्यांना कळले की पलीकडच्या कोठडीत कोणी नोरा बेकर आहे. बेकर हे नूरच्या आईचे माहेरचे आडनाव. तिने लंडनचा पत्ताही लिहिला होता, टॅव्हिटन स्ट्रीट, घर क्रमांक ४. तेथे तिची आई राहत होती.

६ जून १९४४ रोजी दोस्त राष्ट्रांच्या फौजा फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर उतरल्या. २५ ऑगस्टला पॅरिस मुक्त झाले. रस्त्यारस्त्यांत लोक नाचत होते. नूर ते पाहायला नव्हती. त्यानंतर अडीच आठवड्यांनी तिला कोठडीतून बाहेर काढले आणि आणखी तीन स्त्रियांबरोबर रेल्वेने म्युनिकजवळच्या डाखाउ छळछावणीत नेले. योलांद बेकमन, मॅडलिन दामेरमाँ आणि एलियान प्लूमन ही त्या तिघींची नावे. १३ सप्टेंबर १९४४ रोजी सकाळी चौघींना गोळ्या घातल्या. मरताना नूर स्वातंत्र्य हा एकच फ्रेंच शब्द बोलली, असे पुढे सांगण्यात आले. तिची कबर कोठेही नाही. आपल्या पुण्यात खडकीला महायुद्धातल्या सैनिकांच्या कबरी तुम्ही पाहिल्या असतील. रांगेने बसवलेले दगड, प्रत्येकावर नाव. नूरच्या वाट्याला तेवढेही आले नाही. ज्यांच्या कबरी सापडल्या नाहीत अशा हवाई दलातील माणसांची नावे इंग्लंडमध्ये रनीमीड येथे भिंतींवर कोरली आहेत, त्यांत तिचे नाव आहे.

घरच्यांना बराच काळ काही कळले नाही. तिच्याबरोबर काम केलेल्या एस.ओ.ई.च्या व्हेरा ॲटकिन्स या बाईंनी युद्धानंतर जर्मनीत हिंडून हरवलेल्या एकेका स्त्रीचा शोध लावला. नूरचा शेवट आधी त्यांनाही चुकीचा कळला होता. डाखाउचे नाव १९४७ मध्ये निश्चित झाले. त्या आधीच फ्रान्सने तिला १९४६ साली क्वा द गेर हे शौर्यपदक दिले होते. इंग्लंडने १९४९ साली जॉर्ज क्रॉस दिला. तोवर भारत स्वतंत्र होऊन दीड वर्ष उलटले होते. मुलाखतीत बोललेला शब्द पाळण्याची वेळ तिच्यावर कधी आलीच नाही.

सुरेनमध्ये दरवर्षी १४ जुलैला, फ्रान्सच्या राष्ट्रीय दिनी, फजल मंजिलसमोर बँड वाजतो. लंडनमध्ये गॉर्डन स्क्वेअर बागेत २०१२ साली तिचा अर्धपुतळा बसवला. आणि त्या बागेपासून जवळच, टॅव्हिटन स्ट्रीटवरच्या ४ क्रमांकाच्या घरावर, २०२० साली तिच्या नावाची निळी पाटी लागली. भांड्याच्या बुडाशी ओरखडून लिहिलेला पत्ता तो हाच.